ऑर्किडच्या दांडीला आधार देताना या चुका टाळा

डिसेंबर संपता संपता ठाण्यात रात्रीचा पारा १८-२० अंशांवर उतरतो आणि काही आठवड्यांत फॅलेनॉप्सिस या घरोघरी दिसणाऱ्या ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यातून एक हिरवं टोक, म्हणजे फुलांची दांडी, डोकावतं. वर्षभर नुसत्या पानांची सेवा केलेल्या माणसाला त्या टोकाचा काय आनंद होतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण त्याच आनंदाच्या भरात पहिली चूक होते. खिडकीतली कुंडी उचलून दिवाणखान्यात, आल्यागेल्याला दिसेल अशा टेबलावर येते.

दांडी प्रकाशाच्या दिशेने वाढते. प्रत्येक कळी उमलण्याआधी आपल्या देठावर वळते आणि फुलाची ओठासारखी पाकळी खाली येईल अशी बसते. हे वळणं एकदाच होतं. मध्येच कुंडी फिरवली की आधीच्या कळ्या एकीकडे, नंतरच्या दुसरीकडे तोंड करतात आणि दांडी पिळवटते. एका रांगेत, एकाच बाजूला पाहणारी फुलं हवी असतील तर शेवटची कळी उमलेपर्यंत कुंडीची दिशा बदलायची नाही. आमच्या घोडबंदर रोडच्या घराला पूर्वेची एकच खिडकी आहे. तिथल्या कुंडीच्या काचेकडच्या बाजूला मी रंगीत टिकली चिकटवते. पाण्यासाठी कुंडी उचलली तरी टिकली परत काचेकडेच. सगळी फुलं उमलली की मग ती खुशाल टेबलावर ठेवा, फिरवा, फुलं आहेत तशीच राहतात.

आणखी एक, आधाराला हात घालण्यापूर्वी ती दांडीच आहे ना, ते बघा. मुळीचं टोक गोल, गुळगुळीत असतं आणि मागे चंदेरी होत जातं. दांडीचं टोक किंचित चपटं, अंगठा बाजूला काढलेल्या मुठीसारखं दिसतं. मुळीला काडी बांधून महिनाभर वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत.

काडी कधी लावायची? दांडी वीतभर झाली की. त्याआधी गरज नसते. नंतर, कळ्यांचं वजन येऊन दांडी आडवी गेल्यावर ती सरळ करायला गेलात तर मोडते. खरं तर सगळ्यात चांगलं म्हणजे कुंडी बदलतानाच काडी रोवून ठेवणं, कारण तेव्हा मुळं डोळ्यांसमोर असतात. ते जमलं नसेल तर पारदर्शक कुंडीत आधी मुळं कुठे आहेत ते बघा आणि बांबूची काडी हळूहळू आत सरकवा. अडलं की जोर लावू नका, काडी बाहेर काढून दुसरी जागा शोधा. मागच्या झाडाची जुनी, बुडाशी काळी पडलेली काडी तर मुळीच नको, तिच्याबरोबर बुरशी येते. काडीच्या वरच्या टोकाला एखादा मोठा मणी बसवा. पाणी घालायला वाकताना ते टोक थेट डोळ्याच्या उंचीवर येतं.

बांधणं हा सगळ्यात नाजूक भाग. माझी पहिली दांडी मी सकाळी पाणी घालून लगेच बांधायला घेतली होती. जरा वाकवली आणि कट्ट! सात कळ्या होत्या तिला. पाण्याने टम्म भरलेली दांडी काचेसारखी ठिसूळ असते. पाणी घालायच्या आदल्या दिवशी, दुपारनंतर ती जरा लवचीक असते, तेव्हाच हात लावा. आणि हवा तो बाक एका दिवसात आणायचा नाही, दर तीन-चार दिवसांनी थोडा थोडा.

शिवणाचा दोरा, उघडी तार आणि रबरबँड हे तिन्ही वाढत्या दांडीत रुततात. जुन्या ओढणीची बोटभर रुंद पट्टी किंवा जाड लोकर घ्या. दांडी आणि काडी यांच्यामध्ये पीळ येईल असा, इंग्रजी आठाच्या आकाराचा सैल फास द्या. मला स्वतःला जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारे केसांचे छोटे क्लचर फार आवडतात. मात्र स्प्रिंग कडक नाही ना, ते आपल्या करंगळीवर लावून बघावं.

फास कुठे द्यायचा याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. दांडीवर ठरावीक अंतराने पेरं असतात. फास पेराच्या लगेच वर दिला तर दांडी लांबताना ते पेर फासाला अडतं आणि दांडी मधेच धनुष्यासारखी फुगते. म्हणून फास पेराच्या खाली. पहिला बुडापासून चार बोटांवर, शेवटचा पहिल्या कळीच्या खाली. त्यापुढचा शेंडा मोकळा सोडा. तो आपोआप पुढे झुकतो आणि फुलं उतरंडीसारखी मांडली जातात. त्याला काठीसारखं ताठ बांधलं की झाडाचं सगळं लावण्यच जातं. दर आठवड्याला फास सैल करून बघा. त्याच्याखाली पिठ्या ढेकूण लपतो. दिसला तर कापसावर स्पिरिट घेऊन पुसा. दांडीवरचे चिकट, पारदर्शक थेंब मात्र बऱ्याचदा झाडाचाच गोड पाझर असतो. कीड दिसत नसेल तर औषध मारू नका.

प्रत्येक ऑर्किडला फॅलेनॉप्सिसचा नियम लावणं हीसुद्धा चूकच. डेंड्रोबियममध्ये दांडीला नव्हे, तिच्याखालच्या उसासारख्या कांडीला आधार लागतो. टांगलेल्या वांडाची दांडी दणकट असते, तिला बहुतेक वेळा काहीच नको. आणि आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी! तिचा घोस खालीच लोंबायचा असतो. तिला काडी बांधून वर उचलायचं म्हणजे वेणी उलटी माळण्यासारखं आहे. तिला डोळ्यांच्या उंचीवर टांगा, बस्स. ती येऊरच्या रानातून मात्र आणू नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथलं झाड काढणं गुन्हा आहे. रोपवाटिकेत वाढवलेलं रोप घ्या.

मागच्या वर्षी मे महिन्यात शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या.

"अगं, तू दांडी बांधून दिलीस आणि दोन दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या!"

जाऊन पाहिलं तर फास सैलच होते. टेबलाखाली हापूसची पेटी होती.

"काकू, आंबे कधी आणले?"

"परवाच. गवतात घातलेत."

पिकणाऱ्या आंब्यांतून आणि केळ्यांतून इथिलिन नावाचा वायू निघतो. आंबा त्याने पिकतो आणि ऑर्किडच्या कळीला तोच वायू गळून पडायला लावतो. पेटी मागच्या बाल्कनीत गेली आणि उरलेल्या तीन कळ्या उमलल्या. कळ्या गळाल्या की लोक फासाला दोष देतात. आधी फळांची टोपली बघा, मग एसीचा झोत, मग कुंडी कोरडीठाक पडली होती का ते. गणपतीत डेंड्रोबियम मखरात ठेवायचं असेल तर तापणारा दिवा आणि धूप या दोन्हींपासून हातभर लांब.

वाशी-नेरुळकडे खाडीवरून येणारा वारा हलकी प्लॅस्टिकची कुंडी सहज लोळवतो. म्हणून काहीजण दांडी सरळ खिडकीच्या ग्रिलला बांधतात. मग कुंडी हलते, ग्रिल हलत नाही आणि मधली दांडी मोडते. दांडी आणि काडी एकाच कुंडीत हवीत. ती कुंडी मातीच्या किंवा पितळेच्या जड भांड्यात बसवा, तळाशी दगड घाला आणि पाणी साचू देऊ नका.

एवढं करूनही दांडी मोडलीच, तर ती पूर्ण तुटली आहे की नुसती चिरली आहे ते बघा. चिरली असेल तर दोन्ही बाजूंना काडीचा तुकडा लावून चिकटपट्टीने बांधा, कळ्या पुष्कळदा तगतात. पूर्ण तुटली तर उमललेली फुलं पाण्यात ठेवा, ती बरेच दिवस छान राहतात. बारीक कळ्या मात्र सहसा उमलत नाहीत. फॅलेनॉप्सिसचा मागे राहिलेला भाग हिरवा आणि झाड जोमात असेल, तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या जरा वर कापा. तिथून नवा फाटा फुटू शकतो. पानं सुरकुतलेली असतील तर बुडाशीच कापून झाडाला विश्रांती द्या. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर धरून गार करा, कारण एका झाडाच्या रसातून दुसऱ्या झाडाला विषाणू लागतो. आणि कापण्याआधी सगळे फास सोडवून घ्या.