कोल्हापुरातून देशाचे प्रदेश ओळखायला कसे शिकावे

देशाचे प्रदेश समजून घ्यायचे म्हटले की शाळेपासून आपली एकच वाट ठरलेली असते: पर्वत, पठार, मैदान, किनारा अशी यादी पाठ करायची आणि प्रत्येकापुढे एक पीक, एक सण, एक पोशाख लिहून मोकळे व्हायचे. या यादीतून कुठे काय आहे ते कळते, पण ते तिथेच का आहे आणि शेजारच्या मुलखात का नाही, हे कळत नाही. ते कळायचे असेल तर आधी एक लहान पट्टा स्वतः फिरून नीट पाहावा आणि तिथे हाती लागलेले प्रश्न घेऊन मगच मोठ्या नकाशाकडे वळावे. कोल्हापूर जिल्हा यासाठी फार सोयीचा आहे. गगनबावड्याच्या घाटमाथ्यापासून शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीपर्यंत रस्त्याने जेमतेम शंभर किलोमीटरचे अंतर आहे; पण एका टोकाला वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, तर दुसऱ्या टोकाला तो ५०० ते ६०० मिलिमीटरवर येतो. इतका मोठा फरक एका दिवसाच्या प्रवासात डोळ्यांनी पाहता येईल अशी ठिकाणे देशात थोडीच आहेत.

निघण्यापूर्वी

सुरुवात पावसाच्या आकड्यांपासून करावी, मात्र जिल्ह्याची सरासरी घेऊ नये. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि त्यांची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तेवढा पाऊस पाहणारी गावे जिल्ह्यात मोजकीच सापडतील. महसूल मंडळनिहाय पर्जन्यमान कृषी विभागाकडून प्रसिद्ध होते, ते पाहावे. त्याच्या जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ घ्यावे. समालोचनातील तालुकावार पीकक्षेत्राचा तक्ता पावसाच्या तक्त्याशेजारी ठेवला की पहिले कोडे लगेच समोर येते: सर्वांत कमी पावसाच्या शिरोळ-हातकणंगले भागात सर्वाधिक पाणी पिणारा ऊस उभा आहे. हे कोडे मनात ठेवूनच घराबाहेर पडावे, कारण पुढचा सगळा प्रवास त्याच्या उत्तराचा आहे.

पश्चिमेकडून पूर्वेकडे

प्रवास पश्चिमेकडून सुरू करावा, म्हणजे पाण्याच्या दिशेने चालणे होते. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या भागात डोंगरमाथ्यावर काळ्या बेसॉल्टवर जांभ्याचे थर आहेत. जांभा सच्छिद्र असतो. एवढा पाऊस पडूनही माथ्यावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पाणी ठरत नाही, आणि पावसाळ्यात धुक्यात बुडालेल्या वाड्या उन्हाळ्यात झऱ्यांवर अवलंबून राहतात. पाऊस भरपूर असणे आणि पाणी भरपूर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या टप्प्यावरचा मुख्य धडा होय. उतारांवर नाचणी आणि वरी, खाचरांत भात, धनगरवाड्यांवर जनावरे, आणि दक्षिणेकडे आजरा-चंदगडला काजू अशी इथली मांडणी आहे. आजऱ्याच्या सुवासिक घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भुदरगड तालुक्यातील पाटगाव मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. जमिनीचे तुकडे लहान आणि पीक मुख्यतः एकाच हंगामाचे असल्यामुळे या पट्ट्यातून कामासाठी मुंबईला जाण्याची रीत फार जुनी आहे. म्हणून इथल्या गावाची अर्थव्यवस्था पाहताना फक्त शिवार पाहून भागत नाही. मुंबईहून येणारे पैसे आणि गणपतीला, शिमग्याला गावी परतणारी माणसेही हिशेबात धरावी लागतात.

तिथून खाली उतरताना नद्यांकडे लक्ष द्यावे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या घाटमाथ्याचे पाणी घेऊन येतात आणि प्रयाग चिखली परिसरात त्यांची पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. भोगावतीवरचे राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले आणि ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. धरणाखाली नदीपात्रात ठिकठिकाणी जे ठेंगणे बंधारे दिसतात, तिथे मात्र थांबावे. दगडी खांबांच्या खाचांमध्ये पावसाळा संपला की बरगे, म्हणजे काढघाल करता येणाऱ्या फळ्या, बसवतात आणि पाणी अडवतात. पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात, म्हणजे पूर आला तरी पाण्याला आणि गाळाला वाट मोकळी राहते. ही रचना ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावानेच राज्यभर गेली. बंधाऱ्याच्या काठावर उभे राहून मोटारींची घरे आणि वर शिवाराकडे चढत जाणाऱ्या पाइपलाइन पाहिल्या की मघाचे कोडे सुटते. शिरोळच्या उसाला लागणारे पाणी शिरोळवर पडतच नाही. ते गगनबावडा-राधानगरीवर पडते, धरणात साठते, बंधाऱ्यात अडते आणि सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या उपशाने शेतात जाते.

पाणी असे उचलायचे म्हणजे इंजिने लागणार, आणि इंजिने आली की ती दुरुस्त करणारे हातही लागणार. कोल्हापूरचे उद्यमनगर आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्री पाहताना हा धागा सोडू नये. लोखंडाची खाण जवळ नसताना इथे ओतकामाचा एवढा मोठा धंदा उभा राहिला, त्यामागे शेतीच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता तयार झालेले कारागीर आहेत.

मधल्या पट्ट्यात, करवीर आणि पन्हाळ्याच्या नदीकाठच्या गावांत, हंगामात एखादे गुऱ्हाळ अवश्य पाहावे आणि घाई करू नये. चरकातून आलेला रस काहिलीत उकळत असतो, त्यात भेंडीचा रस घालून मळी वर आणतात आणि ती झाऱ्याने काढून टाकतात, खाली चुलवाणात उसाचाच वाळलेला चोथा जळत असतो. काहील नेमकी कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी तपासणे हेच त्याचे मोजमाप असते. क्षणभर उशीर झाला तर रंग जातो, लवकर उतरवली तर गूळ टिकत नाही. या एका छपराखाली जमीन, पाणी, कसब आणि बाजार एकत्र दिसतात, कारण इथून निघालेले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ज्या व्यापारपेठेच्या जोरावर देशभर गेले ती शाहूपुरी पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली. कोल्हापुरी गुळालाही भौगोलिक मानांकन आहे. उकळत्या काहिलीजवळ काम करणाऱ्या माणसांच्या मजुरीबद्दलही विचारावे. आणि ऊस तोडणाऱ्या टोळ्या कुठून आल्या तेही विचारावे. बीडसारख्या मराठवाड्यातील कमी पाण्याच्या जिल्ह्यांतून त्या दर हंगामात येतात. एका प्रदेशाची समृद्धी दुसऱ्या प्रदेशाच्या अडचणीवर कशी उभी असते, हे कोणत्याही तक्त्यापेक्षा उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, स्पष्ट दिसते, आणि ते पाहिल्याशिवाय प्रदेशाचा अभ्यास पुरा झाला असे मी मानत नाही.

शिरोळ तालुक्यात शिरले की माती खोल आणि काळी होते, डोंगर मागे पडतात आणि हवा कोरडी होते. पाणी नसते तर इथे शाळू आणि कडधान्येच असती. तशीच माती आणि तसाच पाऊस असलेल्या मंगळवेढ्याची ख्याती आजही ज्वारीसाठी आहे. पाण्याची किंमतही इथेच दिसते. अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी क्षारपड झालेली, पांढरट पडलेली जमीन दाखवायला कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे, तो दाखवील. आणि २००५, २०१९, २०२१ या वर्षांच्या महापुरांच्या खुणा भिंतींवर शोधाव्यात. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथे पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नानासाठी भाविकांची गर्दी लोटते. ज्या पाण्याने पीक जाते तेच पाणी इथे तीर्थ होते. घाटमाथ्यावर कोसळलेल्या पावसाला इथल्या श्रद्धेत स्थान आहे.

जमिनीने जे उलगडत नाही ते

इथवर आल्यावर सगळे काही पाऊस आणि मातीच ठरवते असे वाटू लागते. ही चूक नवखा अभ्यासक हमखास करतो, म्हणून मुद्दाम उलट्या उदाहरणांकडे जावे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे ते गाव कापडाचे मोठे केंद्र झाले. भोवतालच्या शिवारात कापूस नाही. हुपरीत चांदीचे दागिने घडतात. चांदीची खाण नाही. अशा ठिकाणी पहिल्यांदा हे कुणी आणले, कसब कुणी कुणाला शिकवले, भांडवल कुणी दिले आणि राज्यकर्त्याने आसरा दिला का, हे विचारावे. माझ्या मते प्रदेशाचा निम्मा इतिहास या प्रश्नांच्या उत्तरांत असतो.

संस्कृतीची सीमा शोधण्यासाठी सर्वांत भरवशाचा प्रश्न सोयरिकीचा आहे. पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना आधी ‘‘मामा, पाणी किती दिवसांनी पाळीला येतंय?’’ असे शेतीचे विचारावे आणि बोलणे रुळले की लेकी कुठे दिल्या, सुना कुठल्या, आजारी माणूस कुठल्या गावाला नेतात, कपडालत्ता कुठे घेतात हे विचारावे. घरातल्या माउलींना सणाला काय करतात आणि ते माहेरापेक्षा वेगळे कसे, हे विचारावे. सासर-माहेरच्या फरकातून प्रदेशाचे फरक त्या चटकन सांगतात. उत्तरे नकाशावर रेघांनी जोडली की चंदगड बेळगावकडे आणि गडहिंग्लज संकेश्वर-निपाणीकडे ओढलेले दिसते. चंदगडची बोली कोकणीशी जवळीक सांगते, तर शिरोळ-हातकणंगल्यातील अनेक जैन आणि लिंगायत घरांत कन्नड सहज कानी पडते. बाहुबलीचे जैन तीर्थ, नांदणीचा जैन मठ, खिद्रापूरचे शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर आणि गुलालात न्हाऊन निघणारी जोतिबाची चैत्र यात्रा ही सगळी एकाच जिल्ह्यात असली तरी त्यांचे भक्तगण वेगवेगळ्या दिशांनी येतात, त्या दिशा टिपाव्यात.

मोठ्या नकाशावर

आता हेच प्रश्न देशाला लावता येतात. पडलेले पाणी आणि वापरलेले पाणी एकाच जागेचे आहे का, हा प्रश्न राजस्थानच्या श्रीगंगानगरला विचारून पाहावा. वाळवंटाच्या कडेला गहू आणि कापूस का, याचे उत्तर सतलजच्या पाण्यावर १९२७ साली सुरू झालेल्या गंग कालव्यात सापडते आणि बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांमध्ये आपल्याला शाहू महाराजांची आठवण होते. पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड पाऊस कमी होण्याचा, प्रश्न कर्नाटकात नेला तर मलनाड हा पावसाळी डोंगराळ भाग आणि बयलुसीमे हा त्याच्या पूर्वेचा कोरडा सपाट मुलूख यांच्यातील फरक गगनबावडा-शिरोळच्या फरकासारखाच उलगडतो. मात्र केरळात किंवा पूर्वोत्तर भारतात हे प्रश्न तसेच्या तसे लागू करू नयेत. तिथे पावसाच्या टंचाईपेक्षा उतार, जंगल आणि जमिनीची मालकी यांपासून सुरुवात करणे योग्य.

टिपणे जिल्ह्याच्या हद्दीत बसवण्याचा मोह टाळावा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे, कारण कातडे कमावणारी आणि चपला शिवणारी गावे राज्याची सीमा आखण्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकांशी व्यवहार करत आली आहेत. म्हणून आपल्या नकाशावर पाऊस, माती, पीक, धंदा, बोली आणि सोयरिक यांच्या रेघा वेगवेगळ्या रंगांनी काढाव्यात. जिथे तीन-चार रेघा जवळजवळ येतात तिथे प्रदेशाची हद्द धरावी आणि जिथे त्या फाकतात तिथे पुन्हा जाऊन, शक्यतो दुसऱ्या ऋतूत, विचारपूस करावी.