जुना फोन विकायचाय? मग एवढं करूनच हातातून सोडा

साताऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. १४ वर्षं झाली. परवा मेढ्याकडचे एक काका आले, पिशवीतून रुमालात गुंडाळलेला फोन काढला. साडेचार हजारांना बाजारात कुणाकडून तरी घेतलेला. चालू केला की स्क्रीन एकच मागत होती: या फोनवर आधी जे गुगल खातं होतं, त्यानं साइन इन करा. विकणाऱ्यानं बटणं दाबून हार्ड रीसेट मारला होता, म्हणजे फोन पुसला होता, आणि जीमेल काढायचं राहून गेलं होतं. त्याचा नंबरही काकांकडे नव्हता. रीतसर उघडून द्यायला मूळ मालकच हवा, मी काय करणार? काकांनी तो परत तसाच रुमालात बांधला.

म्हणून क्रम नीट धरा. नवीन फोन आला की जुना लगेच विकू नका, दोन-तीन दिवस दोन्ही जवळ ठेवा. बँकेचं ॲप, यूपीआय, व्हॉट्सॲप, डिजिलॉकर हे सगळं नव्या फोनवर चालू करून बघा. ऑथेंटिकेटर ॲपमधून (खात्यात शिरताना लागणारे कोड देणारं ॲप) कोड घेत असाल तर ते ॲप आधी नव्या फोनवर हलवा. जुना फोन पुसल्यावर ते कोड गेले की खात्यात शिरायला फार त्रास होतो.

फोटोंचं मात्र डोळ्यांनी बघा. "बॅकअप झालाय" असं सांगणारी कितीतरी माणसं नंतर माझ्या काउंटरसमोर रडवेली झालेली मी पाहिलीत. गुगलची फुकट जागा १५ जीबी; ती भरली की फोटो वर जाणं थांबतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत बसतो. जुना फोन बंद करा, नव्यावर सगळ्यात जुना आणि कालचा असे दोन्ही फोटो उघडून बघा. दिसले तर पुढे चला.

मग जुना फोन परत चालू करून त्याच्या सेटिंगमध्ये जा आणि आधी गुगल खातं काढा. सॅमसंग, शाओमी अशा कंपनीचं वेगळं खातं असेल तर तेही. त्यानंतर सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पूर्ण पुसा; बटणं दाबून नाही. आयफोन असेल तर आधी 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून ॲपल खात्यातून साइन आउट व्हा, मगच पुसा. सिम आणि मेमरी कार्ड काढलं का, ते ट्रे बाहेर ओढूनच बघा. रीसेटनंतर फोन नव्यासारखा "भाषा निवडा" म्हणाला आणि पुढे जुनं खातं मागितलं नाही, की समजा काम झालं.

आता व्यवहार. भेट दिवसा, वर्दळीच्या जागी, शक्यतो ओळखीच्या दुकानात. घरी बोलावू नका. पैसे यूपीआयनं येणार असतील तर समोरच्याच्या स्क्रीनवरच्या हिरव्या खुणेवर जाऊ नका. तसली खोटी स्क्रीन दाखवणारी ॲपं आहेत आणि मेसेजही बनवता येतो. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली की मगच फोन द्या. आणि पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवलेत, पिन टाका" म्हणणारा तुमच्याच खात्यातून काढतोय. फसलातच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, संध्याकाळची वाट बघू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते चिठ्ठीकडे. माझ्या धाकट्या दिरानं एकाला तोंडी व्यवहारात फोन विकला. सात-आठ महिन्यांनी त्याला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, कारण तो फोन भलत्याच प्रकरणात सापडला होता आणि आयएमईआयवरून, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, निघालेलं बिल दिराच्या नावचं. कुणाला विकला, हे सांगायला त्याच्याकडे कागदाचा कपटा नव्हता. चार हेलपाटे घालावे लागले. त्या दिवसांत जाऊबाईंना धड झोप नव्हती.

तेव्हा *#०६# डायल करा, १५ आकडी आयएमईआय दिसेल. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहा. साध्या कागदावर एवढंच: "हा फोन, आयएमईआय अमुक, दिनांक आणि वेळ अमुक, एवढ्या रुपयांना यांना विकला, चालू स्थितीत दिला." खाली दोघांच्या सह्या आणि घेणाऱ्याचा मोबाइल नंबर. नंबर तिथंच लावून वाजतो का बघा. ओळखपत्राचा फोटो घ्या; जो ओळखपत्र दाखवायला कुरकुरतो, त्याला मी विकत नाही.

घेणारा शहाणा असेल तर इंग्रजीत KYM, जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ या सरकारी नंबरला पाठवून फोन तपासेल. खुशाल तपासू द्या. फक्त सर्व्हिस सेंटरनं कधी फोनच्या आतला मुख्य बोर्ड बदलला असेल, तर स्क्रीनवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळेलच असं नाही. अशा वेळी दुरुस्तीचा कागद दाखवा, नाहीतर तुमचाच फोन चोरीचा वाटेल.

वॉरंटी शिल्लक असेल तर मूळ बिल द्या, पण आधी त्याचा फोटो काढा. आणि ती सहीची चिठ्ठी खोक्यात ठेवू नका, खोकं गिऱ्हाइकाबरोबर जातं.