रिझल्ट खराब लागला? परत अभ्यासाला कसं बसायचं

रिझल्टनंतरचे पहिले दोन-तीन दिवस अभ्यासाचं नावच काढू नका. रडायचं तर रडा, झोपायचं तर झोपा, फक्त या दिवसांत मोठे निर्णय नकोत, म्हणजे कोर्सच सोडतो, पुस्तकंच रद्दीत घालतो असलं काही. सगळ्यांच्या मार्कांचे स्क्रीनशॉट येत असतील तर तो ग्रुप खुशाल म्यूट करा, कोणाला कळत पण नाही. पण या सुट्टीला शेवट ठरवून ठेवा. चौथ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसायचं म्हणजे बसायचं, नाहीतर तीन दिवसांचे तीन आठवडे होतात, माझे झालेत.

आता चौथ्या दिवशी मूड असेल का? नसणारच. आपल्याला वाटतं आधी मोटिव्हेशन येईल आणि मग आपण बसू, पण बहुतेक वेळा ते उलटं असतं, आधी बसावं लागतं, थोडं काहीतरी जमतं आणि मग पुढचं करावंसं वाटतं. म्हणून मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघत बसू नका, दोन तास जातात आणि पुस्तक तिथल्या तिथे.

पहिलं काम: घोडं कुठं पेंड खातंय ते शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच कोणी करत नाही, कारण तो पेपर परत हातात घ्यायला नको वाटतं. उत्तरपत्रिका किंवा तिची कॉपी मिळत असेल तर मिळवा, नसेल तर प्रश्नपत्रिका घेऊन काय लिहिलं होतं ते आठवा. आणि गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर चारपैकी एक शेरा मारा: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, गाढवपणा, वेळ संपला.

माझंच सांगतो. गणितात १०० पैकी ४१ पडले होते आणि मी ठरवूनच टाकलेलं की आपल्याला गणित येत नाही, विषय संपला. मग एकदा लाल पेन घेऊन बसलो. एका गणितात पाच ओळी बरोबर, सहावी ओळ पुढच्या पानावर, आणि पान उलटताना मायनस मागच्याच पानावर राहिला, तिथून खाली सगळं चुकलं. ८ मार्कांच्या एका प्रश्नावर मी तब्बल ४० मिनिटं अडून बसलेलो, त्यामुळे शेवटचे ६-६ मार्कांचे तीन प्रश्न कोरे. हिशोब केला तर गेलेल्या ५९ पैकी वेळेचे १८, गाढवपणाचे १६, आठवलं नाही ते ११ आणि खरंच येत नव्हतं असे फक्त १४. ते १४ बघून जे बरं वाटलं ना, ते कोणाच्या समजावण्याने वाटलं नव्हतं.

तुमचे आकडे वेगळे येतील. कदाचित 'येतच नव्हतं' हाच ढीग मोठा निघेल, चालेल, निदान कुठले धडे ते तरी कळलं.

दुसरं: स्वतःला शिव्या घालणं बंद

अभ्यास केलाच नव्हता, टाळत राहिलो, हे खरं असेल तर एकदा कबूल करा आणि सोडून द्या. हे नुसतं गोड बोलणं नाहीये. कॅनडातल्या कार्लटन युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला, त्यात पहिल्या परीक्षेच्या वेळच्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. पटतं पण, कारण पुस्तक दिसलं की स्वतःची लाज वाटणार असेल तर आपण पुस्तकाकडे बघणंच टाळतो.

तिसरं: सोप्या बाजूने सुरू करा

नवीन वही, रंगीत टाइमटेबल, पहाटे चारचा अलार्म, हे आपण सगळ्यांनी केलंय आणि नव्याचे नऊ दिवस पण भरत नाहीत. त्यापेक्षा 'आठवलं नाही' मधला सगळ्यात सोपा टॉपिक उचला, २५ मिनिटांचा टायमर लावा, फोन दुसऱ्या खोलीत. ही २५ मिनिटांची पद्धत फ्रान्सिस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी काढली, तेव्हा तो स्वतः कॉलेजात होता आणि अभ्यासात त्याचं पण लक्ष लागत नव्हतं. २५ जड जात असतील तर १० लावा. वेळ 'संध्याकाळी बघू' अशी ठेवू नका, 'आंघोळ झाली की थेट टेबल' असं एखाद्या रोजच्या कामाला बांधून टाका. एखादा दिवस बुडाला तर बुडाला, दुसऱ्या दिवशी बसा.

चौथं: अभ्यासाची पद्धतच बदला

तीच पद्धत परत वापरली तर परत पालथ्या घड्यावर पाणी. आपण काय करतो, धडा वाचतो, हायलाइट करतो, परत वाचतो आणि वाटतं येतंय. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला, काही मुलांनी उतारा चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१. म्हणजे पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून बघा, त्रास होतो, पण तोच अभ्यास.

वेळेचं साधं गणित आहे. १०० मार्कांना १८० मिनिटं, म्हणजे ८ मार्कांच्या प्रश्नाला १४ मिनिटं, झाली की जागा सोडून पुढे.

घरचे 'आता पुढे काय' विचारणारच, तेव्हा तो चार शेऱ्यांचा कागदच दाखवा, 'यावेळी नक्की करीन' पेक्षा त्याने घरचे लवकर गप्प होतात. पण दोनेक आठवडे झोप-भूक उडालीये, कशातच मन नाही असं असेल तर हा अभ्यासाचा प्रश्न नाही, डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोला. आणि जगणंच नको वाटत असेल तर एक दिवसही न थांबता जवळच्या कोणालातरी सांगा.

तीन आठवड्यांनी घरीच घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडवा आणि परत तेच चार शेरे मारा. माझे वेळेचे १८ वरून ६ वर आले, गाढवपणाचे मात्र १६ चे १५, बस. म्हणून आता पान उलटलं की मागची शेवटची ओळ नव्या पानावर परत उतरवतो, मायनससकट.