जास्त पिकलेल्या केळ्यांचे मफिन: गर तोलावा, पीठ घोटू नये

उन्हाळ्यात डझनभर केळी घरी आणली की दोन-तीन दिवसांत सालींवर काळे ठिपके दिसू लागतात आणि त्यानंतर ती केळी तशी खायला कोणी तयार होत नाही. मफिनसाठी मात्र केळी याच अवस्थेतली हवीत. केळे पिकत जाते तसतशी त्यातल्या स्टार्चची साखर होते, गर मऊ पडतो आणि वास भरून येतो. पिवळ्याधमक, टणक केळ्यांचे मफिन फिके लागतात ते यामुळेच. साल पूर्ण काळी पडली असली, तरी आतला गर पिवळसर किंवा फिकट तपकिरी असेल आणि त्याला गोड वास येत असेल, तर ते केळे निर्धास्त वापरावे. देठाशी बुरशी दिसत असेल, सालीतून पाणी गळत असेल किंवा दारूसारखा आंबूस वास येत असेल, तर मात्र ते टाकून द्यावे. मऊ फळात बुरशी वरून दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते, म्हणून खराब भाग कापून उरलेला वापरण्याचा मोह टाळलेलाच बरा.

बहुतेक पाककृतींत ‘तीन केळी’ एवढेच लिहिलेले असते आणि मफिन बिघडण्याचे मूळ बऱ्याचदा तिथेच असते. जळगावकडचे मोठे केळे सोलल्यावर साधारण 100 ते 120 ग्रॅम भरते, तर वेलची केळे त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. त्यामुळे फळे मोजण्याऐवजी गर तोलावा. 10 ते 12 मफिनसाठी 300 ग्रॅम गर घ्यावा. काटा नसेल तर कुस्करलेला गर सव्वा कप मोजावा. त्यासाठी 100 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम साखर, 80 मिलिलिटर वास नसलेले तेल, एक अंडे किंवा त्याऐवजी 60 ग्रॅम घट्ट दही, पाऊण छोटा चमचा खायचा सोडा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि अर्धा छोटा चमचा वेलदोड्याची पूड लागते. केळी अगदी काळी झालेली असतील तर साखर 80 ग्रॅम पुरते. साखरेऐवजी बारीक चिरलेला गूळही चालतो, पण तो गरात पूर्ण विरघळवून घ्यावा. गुळाचे खडे राहिले तर ते तळाशी जाऊन कागदाला चिकटतात.

मिश्रण कालवण्यापूर्वी ओव्हन 180 अंश सेल्सिअसवर दहा-बारा मिनिटे तापवत ठेवावा. मायक्रोवेव्ह असेल तर त्याचा कन्व्हेक्शन मोडच वापरावा. ओव्हन आधी तापवण्याचे कारण असे की, सोड्याला ओलावा आणि दह्याची किंवा फळाची आंबट मात्रा मिळताच वायू सुटू लागतो. त्या वेळी ओव्हन थंड असेल तर फुगवणारा वायू मिश्रणातून निघून जातो आणि मफिन बसके होतात.

एका भांड्यात मैदा, कणीक, सोडा, बेकिंग पावडर, मीठ आणि वेलदोडा एकत्र दोनदा चाळावे. सोड्याची गुठळी राहिली तर एखाद्या घासात कडवट, साबणासारखी चव येते, म्हणून चाळण्यात कुचराई करू नये. दुसऱ्या भांड्यात केळी काट्याने कुस्करून त्यांत साखर, तेल आणि अंडे किंवा दही घालून चांगले फेटावे. मिक्सरमधून काढलेल्या गरापेक्षा काट्याने कुस्करलेला गर मला जास्त पसंत आहे, कारण त्याचे लहान तुकडे भाजल्यावर मफिनमध्ये ओलसर आणि गोड लागतात.

आता कोरडे पीठ ओल्या मिश्रणात घालायचे, आणि इथेच हात आवरायचा. पिठाला ओलावा लागून ते जितके घोटले जाईल, तितका त्यात ग्लुटेनचा चिवटपणा वाढतो. असे मफिन आतून रबरासारखे होतात आणि कापल्यावर त्यांत लांबट, उभी भोके दिसतात. रुंद कालथ्याने तळापासून वर उचलत दहा-बारा वेळा फिरवावे आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच थांबावे. मिश्रण खडबडीत दिसते, त्यात बारीक गाठी राहतात, चमच्यातून ते धारेने न पडता गोळ्याने पडते. ते गुळगुळीत करण्याची इच्छा होतेच, पण त्या गाठी भाजताना विरतात. अक्रोड किंवा बेदाणे घालायचे असतील तर शेवटच्या दोन फेऱ्यांत घालावेत.

साच्यात पेपर कप ठेवून ते पाऊण भरावेत आणि मधल्या कप्प्यावर 20 ते 22 मिनिटे भाजावेत. पहिली पंधरा मिनिटे दार उघडू नये. मधोमध खुपसलेली काडी ओल्या पिठाशिवाय बाहेर आली की मफिन झाले असे समजावे. पाच मिनिटांनी ते साच्यातून काढून जाळीवर ठेवावेत, नाहीतर वाफ कोंडून तळ ओला होतो.

ओव्हन नसेल तर हेच मिश्रण तेल लावलेल्या आप्पेपात्रात, मंद आचेवर, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटे आणि मग उलटवून दोन-तीन मिनिटे भाजता येते. पिकलेल्या केळ्याचे किंवा फणसाच्या गराचे गोड आप्पे कोकणात आणि गोव्यात होतातच, त्यामुळे ही काही ओढूनताणून काढलेली पळवाट नव्हे.

दुसरे फळ घेताना त्यातल्या पाण्याचा विचार करावा. केळ्यात सुमारे 75 टक्के पाणी असते, आंब्यात 83 च्या आसपास, तर पपईत 88 च्या जवळ. म्हणून आंब्याचा 400 ग्रॅम रस मंद आचेवर ढवळत 300 ग्रॅमपर्यंत आटवावा आणि पूर्ण गार करूनच वापरावा. पपईची चव भाजल्यावर फार मवाळ होते. तिचा आटवलेला गर निम्मा आणि केळे निम्मे, सोबत किसलेले आले, असे केले तरच ती जाणवते. चिकू मात्र केळ्याइतकाच सोयीचा आहे. साल आणि बिया काढून गर तोलावा, साखर 80 ग्रॅमवर आणावी आणि दालचिनीची चिमूट घालावी.

हे मफिन ओलसर असल्यामुळे पावसाळी दमट हवेत दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. फ्रिजमध्ये ते कोरडे पडतात. जास्त उरले तर गार झाल्यावर हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि खाण्याआधी ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटे गरम करावेत. करायला वेळच नसेल तर केळी सोलून, कुस्करून, 300 ग्रॅमच्या पिशव्या चपट्या करून गोठवाव्यात. वितळल्यावर गर काळपट दिसतो आणि त्याला पाणी सुटते. ते पाणी फेकू नये, गरासकट मिश्रणात घालावे, कारण पिठाचे प्रमाण ते धरूनच ठरवलेले आहे.