वर्षभर परदेशी राहायला जाताना: कागदपत्रांपासून बॅगेपर्यंतची तयारी

वर्षभरासाठी परदेशी जायचे ठरले की घरात सर्वांत आधी बॅगांची चर्चा सुरू होते. वास्तविक बॅग भरणे हे या तयारीतले सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटी करण्याचे काम आहे. विसरलेला टॉवेल तिथे पहिल्याच दिवशी विकत मिळतो. पण जन्मदाखल्यावर घ्यायचा राहून गेलेला शिक्का, मुदत संपलेले बँक कार्ड किंवा बंद पडलेला मोबाइल क्रमांक या गोष्टी दुरून निस्तरताना आठवडेच्या आठवडे जातात. म्हणून या लेखात आधी कागदपत्रे, औषधे आणि मागे राहणारे व्यवहार घेतले आहेत, आणि सामानाचा हिशेब वर्षाचा न धरता पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा धरला आहे.

सहा ते आठ महिने आधी: पासपोर्ट आणि दाखले

पासपोर्टची मुदत पाहताना पुष्कळ जण केवळ जाण्याची तारीख पाहतात. अनेक देशांत प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची पुढील सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते, आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही. वर्षभराचा मुक्काम असेल तर निघताना निदान अठरा महिन्यांची मुदत आणि काही कोरी पाने हाताशी असावीत. नसतील तर व्हिसासाठी अर्ज करण्यापूर्वीच नूतनीकरण उरकून घ्यावे. त्याच वेळी पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र आणि विवाहाचा दाखला समोर ठेवून नावाचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, कारण एका अक्षराच्या फरकापायी परदेशी कार्यालय अर्ज बाजूला ठेवू शकते आणि दुरुस्ती मात्र मूळ देशातच करून घ्यावी लागते.

पर्यटक म्हणून जाऊन तिथेच मुक्काम वाढवता येईल, ही समजूत धोक्याची आहे. उदाहरणार्थ, युरोपातील एकत्रित व्हिसा असलेल्या शेंगेन गटाच्या देशांत अल्प मुदतीच्या पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच राहता येते, आणि मध्ये बाहेर जाऊन आल्याने ही मोजणी नव्याने सुरू होत नाही. शिक्षण, नोकरी, संशोधन किंवा कुटुंबासोबत राहणे, जे कारण असेल त्याचाच व्हिसा घ्यावा.

दाखल्यांचे काम सर्वांत किचकट असते, म्हणून ते थोडे तपशिलात समजून घेणे योग्य ठरेल. एका देशाचा जन्मदाखला किंवा पदवी दुसऱ्या देशात ग्राह्य धरली जावी यासाठी त्यावर ‘अपोस्टिल’ नावाचे प्रमाणन लागते. ही पद्धत ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आली. हे प्रमाणन दाखल्यावरील सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचा अधिकार खरा असल्याचे सांगते. दाखल्यातील मजकुराची हमी ते देत नाही. जो देश या करारात नाही, त्याच्यासाठी वकिलातीमार्फत साक्षांकन करून घ्यावे लागते आणि त्याला जास्त वेळ लागतो. इथे जुन्या सल्ल्यावर विसंबू नये: चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडात जानेवारी २०२४ मध्ये लागू झाला, त्यामुळे त्याआधी तिथे गेलेल्या व्यक्तीचा अनुभव आज लागू पडत नाही.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी दाखल्याची ताजी प्रत काढावी, मग तिच्यावर अपोस्टिल घ्यावे आणि अधिकृत भाषांतर त्यानंतर करावे, कारण अनेक कार्यालयांना अपोस्टिलचेही भाषांतर हवे असते. भाषांतरकार कोणता चालेल, हे त्या देशाच्या वकिलातीच्या यादीत पाहूनच ठरवावे. याउलट पोलिसांकडून मिळणारे चारित्र्य प्रमाणपत्र घाईने काढू नये. ते काही महिन्यांपेक्षा जुने असेल तर बहुतेक ठिकाणी नाकारले जाते.

लसी, औषधे आणि विमा

लसीकरणासाठी सहा महिने आधी डॉक्टरांना भेटावे असे सुचवले तर ते अनेकांना अतिशयोक्तीचे वाटते. परंतु हिपॅटायटिस बी लसीच्या नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्या मात्रेनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी मात्रा येते. पीतज्वराच्या लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते, आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. लहानपणच्या लसींची नोंद सापडत असेल तर तिची प्रत सोबत घ्यावी; विद्यापीठे आणि रुग्णालये गोवराच्या लसीचा पुरावा मागू शकतात.

नियमित औषधे घेणाऱ्यांनी एक काम बसून शांतपणे करावे. औषधाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत मूळ घटकाचे नाव व मिलिग्रॅममधील प्रमाण असते. ही बारीक अक्षरांतली ओळ एका कागदावर उतरवून घ्यावी, कारण कंपनीचे नाव तिकडच्या औषधविक्रेत्याला बहुधा ठाऊक नसते. घटकाचे नावही क्वचित बदलते. पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि जपानमध्ये ॲसिटॅमिनोफेन या नावाने ओळखले जाते. डॉक्टरांकडून निदान, घटकाचे नाव आणि रोजची मात्रा लिहिलेले इंग्रजीतील पत्र घ्यावे. औषधे मूळ पाकिटातच ठेवावीत. जागा वाचवण्यासाठी गोळ्या सुट्या डबीत भरल्या तर सीमाशुल्क अधिकाऱ्याला त्या कशाच्या आहेत हे कळायला मार्ग उरत नाही.

एका देशात सर्रास मिळणारे औषध दुसऱ्या देशात बंदी असलेले असू शकते. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधे डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, आणि स्यूडोएफेड्रीनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असलेली सर्दीची औषधेही तिथे चालत नाहीत. झोपेच्या, तीव्र वेदनाशामक आणि मानसोपचारातील औषधांच्या बाबतीत त्या देशाच्या आरोग्य खात्याचा नियम वाचल्याशिवाय एकही गोळी बॅगेत टाकू नये.

दात आणि डोळे निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत, कारण अनेक विमा योजनांत दातांचा खर्च धरलेला नसतो. चष्म्याची जास्तीची जोडी आणि क्रमांकाची चिठ्ठी सोबत असावी. विमा घेताना प्रवास विमा आणि रहिवाशाचा आरोग्य विमा यांत गल्लत करू नये. पहिला अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरता असतो. वर्षभरातील तपासण्या, आधीपासूनचे आजार आणि गरोदरपण यांसाठी दुसरा लागतो. तिथला विमा सुरू होण्यापूर्वीचे पहिले काही आठवडे विम्याविना जाऊ नयेत, एवढी काळजी घ्यावी.

पैसे आणि फोन

माझ्या मते संपूर्ण तयारीतील सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मूळ देशातील मोबाइल क्रमांक. बँक, ईमेल, कर खाते, विमा या सर्वांचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि रिचार्ज न केल्याने तो बंद पडला की सगळ्या कुलपांची किल्ली एकदम हरवते. म्हणून तो क्रमांक कमीत कमी खर्चाच्या योजनेवर वर्षभर चालू ठेवावा, परदेशात एसएमएस मिळण्याची सोय निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी आणि जिथे शक्य असेल तिथे एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप वापरावे. ॲपसोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून फोनपासून वेगळे ठेवावेत, कारण ते फोनमध्येच ठेवले तर फोन चोरीला गेल्यावर तेही जातात. फोन एखाद्या कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला असेल तर तो मोकळा करून घ्यावा. दोन सिम किंवा ई-सिम चालणारा फोन असल्यास जुना आणि नवा क्रमांक एकत्र वापरता येतात.

दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे घ्यावीत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत. कार्डाची मुदत वर्षाच्या मधेच संपत असेल तर नवे कार्ड आधीच मागवावे, नाहीतर ते मूळ पत्त्यावर जाऊन पडून राहते. पहिले वेतन किंवा शिष्यवृत्ती हाती यायला महिना-दीड महिना लागू शकतो, आणि घर भाड्याने घेताना अनामत रक्कम आधी द्यावी लागते; तेवढी तजवीज खात्यात असावी. रोख मोठ्या प्रमाणात नेण्याचे टाळावे. युरोपीय संघात प्रवेश करताना १०,००० युरो किंवा त्याहून अधिक आणि अमेरिकेत १०,००० डॉलरहून अधिक रोकड असेल तर ती जाहीर करावी लागते.

कराचा प्रश्न कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. पुष्कळ देशांत वर्षात १८३ दिवसांचे वास्तव्य हा करनिवासी, म्हणजे करासाठी त्या देशाचा रहिवासी, ठरण्याचा एक निकष आहे, त्यामुळे निघण्याची तारीख आठवडाभर मागेपुढे केल्यानेही फरक पडू शकतो. तिकीट काढण्यापूर्वी कर सल्लागाराशी बोलून घ्यावे आणि प्रत्येक प्रवासाचे बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

मागे राहणारे घर

विश्वासातील एका व्यक्तीला मर्यादित कामांपुरते मुखत्यारपत्र द्यावे. सर्वाधिकार देण्याची गरज सहसा नसते. घर रिकामे राहणार असेल तर विमा कंपनीला तसे लेखी कळवावे, कारण अनेक घरविमा योजनांत ठरावीक दिवसांहून अधिक काळ घर बंद राहिल्यास संरक्षण कमी होते. दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्या बँकेच्या उताऱ्यात शोधून बंद कराव्यात.

गाडी चालवण्याचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना मूळ देशातूनच काढून न्यावा. १९४९ च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक करारानुसारचा परवाना एक वर्ष आणि १९६८ च्या करारानुसारचा जास्तीत जास्त तीन वर्षे चालतो. कोणता देश कोणता मानतो हे आधी पाहावे.

विजेची उपकरणे

चार्जरवरची बारीक छपाई भिंगाखाली धरून वाचावी लागली तरी वाचावी. तिथे ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिले असेल तर तो चार्जर बहुतेक सर्वत्र चालतो आणि केवळ पिनांचा ॲडॅप्टर पुरतो. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि युरोपात २३० व्होल्ट वीज असते, आणि ॲडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नव्हे. म्हणून केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री अशी उष्णता निर्माण करणारी उपकरणे इथेच ठेवून जावीत: १२० व्होल्टचे उपकरण २३० व्होल्टला लावले तर जळते, आणि उलट केले तर धड तापत नाही.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवता येत नाही. ती केबिन बॅगेतच न्यावी लागते आणि १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा विनापरवानगी चालते. मिलिअँपिअर-तासांना ३.७ ने गुणून हजाराने भागले की वॉट-तास मिळतात. त्यानुसार २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची ठरते.

आता बॅग

वस्तू घेण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारावेत: ही पहिल्या दोन आठवड्यांत लागेल का, तिथे मिळणे अवघड आहे का, आणि मिळाली तरी फार महाग पडेल का. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर ती वस्तू घरीच बरी. कपडे आठ-दहा दिवसांचे पुरेत, आणि ते उतरण्याच्या वेळी तिथे जो ऋतू असेल त्याचे असावेत; दक्षिण गोलार्धात जुलैत हिवाळा असतो हे तिकीट काढतानाच लक्षात घ्यावे. कडाक्याच्या थंडीचा जाड कोट थंड देशातच घेतलेला चांगला, कारण तिथल्या दुकानांतले कोट तिथल्या थंडीसाठीच शिवलेले असतात. बूट मात्र इथूनच न्यावेत, आणि तेही चालून पायाला बसलेले. एक औपचारिक पोशाख ठेवावा. अंथरूण-पांघरूण आणि भांडी यांच्यावर वजन खर्च करू नये.

बियाणे, रोपे, मांस आणि दुग्धजन्य पदार्थांबाबत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड फार कडक आहेत. शंका असेल ती प्रत्येक वस्तू प्रवेशपत्रात जाहीर करावी. जाहीर केल्यास फार तर ती वस्तू काढून घेतली जाते. लपवल्यास दंड होतो.

वजनासाठी बॅग उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. अनेक विमान कंपन्या साध्या वर्गात एका बॅगेला २३ किलोची मर्यादा ठेवतात. दोन किलो कमीच भरावे, कारण घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा क्वचितच जुळतात. मूळ कागदपत्रे, औषधे, चष्मा, लॅपटॉप आणि कपड्यांचा एक जोड केबिन बॅगेत ठेवावा. सर्व कागदांच्या स्कॅन प्रती ऑनलाइन साठवाव्यात आणि एक छापील संच घरी ठेवावा.

उतरल्यावर

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. विमान कंपन्यांच्या जबाबदारीविषयीच्या माँट्रियल करारानुसार बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार ती हाती आल्यापासून ७ दिवसांत, तर उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते.

त्यानंतर तातडीचे काम पत्त्याच्या नोंदणीचे असते. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आणि जपानमध्ये पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत स्थानिक कार्यालयात ही नोंद करावी लागते. बँक खाते उघडताना बहुधा हीच नोंद पुरावा म्हणून मागितली जाते. जर्मनीत तिच्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टीही लागते, म्हणून घर ठरवतानाच तो ती देणार का हे विचारून घ्यावे, आणि पहिले काही दिवस हॉटेलात काढायचे असतील तर या कामाला आणखी उशीर होणार हे धरून चालावे.