पेनाची सवय सोडून एसीसीएचा पेपर कॉम्प्युटरवर कसा द्यावा

अकरावीपासून बी.कॉम.पर्यंत पाच वर्षं आपण हिशेब हाताने लिहितो. पट्टी-पेन्सिलीने रेघा आखायच्या, रकमा एकाखाली एक मांडायच्या, शेवटी वर्किंग नोट, म्हणजे आकडा कसा आला याची टीप, लिहून तिला चौकट करायची. मग एसीसीएला, म्हणजे ब्रिटनच्या अकाउंटन्सी संस्थेच्या परीक्षेला, नाव घातलं की समोर थेट कॉम्प्युटर येतो. सुरुवातीच्या पेपरांत उत्तरं छोटी, बहुतेक पर्याय निवडायचे, त्यामुळे निभावून जातं. खरी अडचण अप्लाइड स्किल्स या मधल्या पातळीला येते, कारण तिथे मोठी उत्तरं रिकाम्या स्प्रेडशीटवर आणि वर्डसारख्या पानावर लिहायची असतात. २०२० च्या मार्चपासून वरच्या स्ट्रॅटेजिक प्रोफेशनल पातळीचे पेपरही टप्प्याटप्प्याने कॉम्प्युटरवर आले.

मी हे पेपर शिकवते. विषय पक्का असूनही मार्क घालवून येणारी मुलं मला दर सत्रात भेटतात. त्यांचं बहुतेक वेळा एकच चुकतं: हिशेब रफ कागदावर करतात आणि स्क्रीनवर फक्त उत्तर उतरवतात. तो कागद तपासनीसापर्यंत जातच नाही. म्हणून खालची तयारी परीक्षेच्या निदान आठ आठवडे आधी सुरू करा.

पहिलं काम: सरावाची जागा बदला

एसीसीएच्या संकेतस्थळावर प्रॅक्टिस प्लॅटफॉर्म मोफत आहे. परीक्षेत दिसते तीच स्क्रीन तिथे मिळते, नमुना पेपर मिळतात आणि रिकामं वर्कस्पेसही मिळतं. पुस्तकातला कुठलाही प्रश्न त्या वर्कस्पेसमध्ये सोडवता येतो. ऑफिसात एक्सेल रोज वापरणाऱ्यांनीही हे टाळू नये. परीक्षेतली शीट एक्सेलसारखी दिसते, पण ती एक्सेल नाही, आणि हाताला बसलेले काही शॉर्टकट तिथे चालत नाहीत. ते ऐन पेपरात कळलं की माणूस गडबडतो.

दुसरं काम: बोटं बसवा

दोन बोटांनी टाइप करणाऱ्याला ऑडिटच्या पेपरात विचार सुचतात, पण ते वेळेत उतरत नाहीत. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही टंकलेखनाच्या संस्था आहेत. मिनिटाला ३० शब्दांचा इंग्रजीचा कोर्स तिथे कॉम्प्युटरवरच शिकवतात. तेवढा वेग माझ्या अनुभवात पुरतो. कोर्स जमत नसेल तर रोज वीस मिनिटं ए-एस-डी-एफपासून घरीच बसा. लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा भाग बहुधा नसतो, म्हणून आकड्यांचा सराव मोठ्या कीबोर्डवर आणि माउस घेऊन करा.

तिसरं काम: वर्किंग नोट सेलमध्ये लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तपासनीसाला तुमच्या सेलमागचं सूत्र दिसतं. सूत्र लिहिलं असेल तर एखादा आकडा चुकला तरी पद्धतीचे मार्क पदरात पडतात. कॅल्क्युलेटरवर काढून नुसती रक्कम टाकली आणि ती चुकली, तर मार्क द्यायला त्याच्याकडे आधारच राहत नाही.

फायनान्शियल मॅनेजमेंटमधला नेहमीचा प्रश्न घ्या. आज १,००० हजार डॉलर गुंतवायचे, पुढच्या तीन वर्षांत ४००, ५०० आणि ४५० हजार परत येणार, दर १० टक्के. बी २ मध्ये उणे १,००० टाका, सी २ ते ई २ मध्ये तीन वर्षांच्या रकमा. दर वेगळ्या सेलमध्ये, शेजारी नाव लिहून. आता एनपीव्ही फंक्शन (पुढे येणाऱ्या रकमांची आजची किंमत काढणारं सूत्र) फक्त सी २ ते ई २ ला लावा आणि बी २ त्यात बाहेरून मिळवा. उत्तर येतं ११४.९५. पुष्कळ मुलं बी २ पासूनच सगळी ओळ फंक्शनमध्ये घालतात. मग आजची रक्कमही वर्षभराने गेली असं धरलं जातं आणि १०४.५० येतं. दोन्ही आकडे पटण्यासारखे दिसतात, म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते. असे दहा प्रश्न शीटवर सोडवलेत की हात आपोआप बरोबर जातो.

प्रत्येक ओळीला डावीकडे नाव द्या. रंग, चौकटी, ठळक अक्षरं यांत वेळ घालवू नका.

चौथं काम: स्क्रीनवर वाचायला शिका

कागदावर आपण खुणा करत वाचतो. इथे त्यासाठी हायलाइट आहे, ते वापरा. प्रश्नात नेमकं काय मागितलंय ते कॉपी करून उत्तराच्या पानावर चिकटवा आणि त्याचे मथळे करा, म्हणजे एखादा उपप्रश्न राहून जात नाही. उत्तर झाल्यावर उरलेला प्रश्नाचा मजकूर काढून टाका. स्ट्रॅटेजिकच्या पेपरांत माहिती अनेक खिडक्यांत उघडते आणि एक खिडकी दुसरीला झाकते. त्या लहान करून शेजारी-शेजारी लावायची सवय आधीच लावून घ्या.

पाचवं काम: वेळ बांधा

कायद्याचा दोन तासांचा पेपर सोडला तर अप्लाइड स्किल्सचा पेपर तीन तासांचा, १०० मार्कांचा. म्हणजे मार्काला १.८ मिनिटं आणि २० मार्कांच्या प्रश्नाला ३६ मिनिटं. छोटे प्रश्न दोन-दोन मार्कांचे, आणि त्यांत अर्धा मार्क मिळत नाही. अडलं तर फ्लॅग करून, म्हणजे परत येण्यासाठी खूण ठेवून, पुढे चला. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून उठण्याआधी एकही जागा रिकामी ठेवू नका.

शेवटच्या दोन आठवड्यांत निदान दोन अख्खे पेपर एका बैठकीत द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पेपर संपला की मार्क मोजण्याआधी शेजारचा रफ कागद बघा. त्यावर जी आकडेमोड दिसेल ती सेलमध्ये घालून तोच प्रश्न पुन्हा सोडवा.