मराठवाड्यातील अंगणात देशी फुलणारे वृक्ष कसे वाढवावेत

परभणीतील आमच्या अंगणात पारिजातकाची तीन रोपे लागोपाठ तीन पावसाळ्यांत मेली, आणि त्याच काडीपासून केलेले चौथे रोप मावशीने अंबाजोगाईला नेऊन लावले, ते दुसऱ्याच वर्षी फुलले. मावशीच्या हाताला गुण आहे, एवढे म्हणून आम्ही विषय सोडून दिला होता. खरे कारण जमिनीत होते. अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरावर वसलेले असल्याने तिच्या अंगणात वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि पडलेले पाणी मुरून जाते. परभणीची जमीन मात्र खोल, काळी आणि चिकण आहे, तिथे सततच्या पावसात पारिजातकाची मुळे पाण्यात उभी राहून कुजतात. म्हणून कोणते फूल आवडते हा प्रश्न थोडा मागे ठेवून आधी आपल्या अंगणात कोणती जमीन आहे हे पाहावे.

जमिनीची परीक्षा

झाड लावायच्या जागी हातभर खोल आणि तितकाच रुंद खड्डा खणावा, तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत जिरले तर निचरा चांगला आहे. संध्याकाळी भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात दिसत असेल तर जमीन भारी आहे असे समजावे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात आणि उरलीसुरली ओलही उडून जाते. नव्या वसाहतींत आणखी एक अडचण असते: बांधकामाचा राडारोडा, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा अंगणात पसरून त्यावर पाटीभर माती टाकलेली असते. अशा ठिकाणी मूळ जमीन लागेपर्यंत खणणे हाच उपाय आहे.

झाडाची निवड

गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा, आणि देवळादेवळांत दिसणारा पांढरा चाफाही मूळचा अमेरिका खंडातला आहे. ती झाडे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात पाण्यावाचून तग धरण्याची सवय जन्मतः ज्यांच्या अंगी आहे, त्या आपल्या पानझडी रानातल्या झाडांना पहिली पसंती द्यावी. देशी शब्दालाही मर्यादा आहेच. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असले तरी तो वृक्ष कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा. मराठवाड्यात तो न्हाणीचे पाणी बारमाही जाते अशा कोपऱ्यातच लावावा, एरवी त्याच्या नादी लागू नये.

आता जागेचा हिशेब. एका गुंठ्याच्या, म्हणजे 1089 चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधल्यावर उरलेल्या पट्टीत एकच लहान वृक्ष नीट वाढतो, आणि तिथे आपटा, कांचन किंवा पारिजातक यांतून निवड करावी. आपटा काळ्या जमिनीत आणि मुरमातही तग धरतो, पाणी फार मागत नाही. त्याला एकच धोका आहे आणि तो दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी येतो. बाजारात आपटा म्हणून विकल्या जाणाऱ्या जुड्या पुष्कळदा कांचनाच्या असतात, त्यामुळे रोप घेताना पान पाहून घ्यावे: आपट्याचे पान लहान आणि जाडसर असते, कांचनाचे मोठे आणि तुकतुकीत. गुलाबी-जांभळा कांचन बियांपासून तीन-चार वर्षांत फुलतो, म्हणून ज्यांना धीर कमी आहे त्यांनी तोच लावावा.

घरापासून पंधरा फुटांवर मोकळी जागा असेल तर बहावा. चैत्र-वैशाखात पाने झडून पिवळे घोस लोंबू लागले की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो असे आपल्याकडे मानतात. ते खरे ठरो वा न ठरो, ऐन उन्हाळ्यात इतके फुलणारे दुसरे झाड आमच्या गल्लीत नाही. मेडशिंगीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकड्या शेंगांवरून नाव पडलेला हा वृक्ष दख्खनच्या माळावरचाच आहे, उंचीने बेताचा आहे, आणि त्याची पांढरी सुगंधी फुले रात्री उमलतात. पळस, पांगारा आणि काटेसावर हे शेताच्या बांधावरचे किंवा मोठ्या आवाराचे वृक्ष होत. काटेसावर घराशेजारी लावू नये: तिचा विस्तार मोठा, लाकूड हलके आणि बुंध्याशी फुटणारे आधाराचे पडदे कुंपणाची भिंत सहज हलवतात. बकुळ सदाहरित आणि सुगंधी असला तरी तो सावकाश वाढतो. नातवंडांसाठी लावायचा असेल तर जरूर लावावा. कोणतेही झाड विजेच्या तारांखाली आणि शौचालयाच्या टाकीजवळ नको. शहरी हद्दीत झाड मोठे झाल्यावर ते तोडण्यास 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, त्यामुळे चुकीची जागा नंतर सुधारता येईल असे गृहीत धरू नये.

बी आणि रोप

मी एकदा रोपवाटिकेतून माझ्या उंचीपेक्षा मोठा बहावा आणला होता. दोन उन्हाळे तो तसाच खुंटून उभा राहिला आणि तिसऱ्या वर्षी वाऱ्याने आडवा झाला. उपटून पाहिले तेव्हा मुळे पिशवीच्या आकारात दोरीच्या वेटोळ्यासारखी गुंडाळलेली होती. एकही मूळ बाहेरच्या मातीत शिरले नव्हते. त्या वेळेपासून मी दीड-दोन फुटांचेच रोप घेतो, आणि शक्य असेल तिथे बीच लावतो. देशी वृक्षांचे रोप पहिल्या वर्षी वर कमी वाढते आणि खाली जास्त. त्याचे सोटमूळ सरळ खाली जाऊ देणे हे या सगळ्या खटाटोपाचे मर्म आहे.

बहाव्याच्या काळ्या, दोन वीत लांब शेंगा हिवाळ्यात पिकतात. शेंग दगडाने ठेचली की आत चवडीसारख्या रचलेल्या पातळ चकत्या दिसतात, प्रत्येक दोन चकत्यांच्या मध्ये एक तपकिरी, चकचकीत, चपटे बी आणि भोवती काळा चिकट गर. हा गर रेचक असतो, तेव्हा मुलांना चाखू देऊ नये. बिया धुऊन, भोके पडलेल्या वेगळ्या काढून टाकाव्यात. बियांचे कवच इतके टणक असते की तशाच पेरल्या तर त्या महिनोन्‌महिने मातीत पडून राहतात. म्हणून पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात बिया टाकाव्यात आणि रात्रभर तशाच ठेवाव्यात. सकाळी काही बिया फुगून दुप्पट झालेल्या दिसतील. त्या लगेच पेराव्यात. ज्या फुगल्या नाहीत त्यांची एक कड खरखरीत फरशीवर घासून आतला फिका भाग दिसू लागला की पुन्हा भिजत घालाव्यात. फुगलेले बी साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत उगवते. पिशवीत लावायचे असल्यास ती किमान दहा-बारा इंच खोल असावी. दुधाच्या पिशवीत सोटमुळाला जागा पुरत नाही.

आपटा आणि कांचन यांचे बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवले तरी पुरते. पळसाची तऱ्हा वेगळी आहे: त्याच्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असते आणि ते जुने झाले की उगवत नाही, म्हणून मे-जूनमध्ये शेंगा गळताच ते कायमच्या जागीच लावावे. पांगाऱ्याला बियांचीही गरज नाही. मनगटाएवढी, चार-पाच फुटांची फांदी तोडून दोन दिवस सावलीत ठेवावी, म्हणजे तिचा चीक सुकतो, आणि पावसाच्या तोंडावर ती फूटभर जमिनीत रोवावी. पारिजातकाची पेन्सिलीएवढी चौकोनी काडी श्रावणात लावल्यास चांगली फुटते.

खड्डा

खड्डा उन्हाळ्यातच, शक्यतो एप्रिलमध्ये खणावा आणि महिनाभर तापू द्यावा. त्याने किडींची अंडी व बुरशी बरीच मरते. मुरमाड जमिनीत दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरेसा होतो. भारी काळ्या जमिनीत तो तीन फुटांचा करावा. भरताना वरच्या थरातली माती, दोन पाट्या पूर्ण कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड एकत्र करावी. शेणखत हातात घेतल्यावर भुरभुरीत लागले पाहिजे व त्याला शेणाचा वास येता कामा नये, कारण अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी आणि वाळवी दोन्ही घरात येतात.

काळ्या जमिनीत खड्ड्याच्या तळाशी नुसता मुरूम टाकून भागत नाही, ही चूक मीच केली आहे. भोवतालची चिकण माती पाणी सोडत नसल्याने तो खड्डा टाकीसारखा भरून राहतो. त्याऐवजी मुरूम मातीत मिसळावा, आणि खड्डा भरल्यावर वर वीतभर उंच, चार फूट रुंद उंचवटा करून झाड त्या उंचवट्यावर लावावे. पावसाचे जादा पाणी बाजूने वाहून जाते. परभणीत पाचवा पारिजातक मी असाच लावला, तो आजही उभा आहे.

लागवड

मृगाचा पहिला पाऊस पडला की रोपे घेऊन धावण्याची घाई करू नये. मराठवाड्यात जूनमध्ये एक-दोन जोरदार सरी येऊन नंतर पंधरा-वीस दिवसांची ओढ बसणे नेहमीचे आहे. जमीन हातभर खोल ओली झाली आहे हे खुरप्याने पाहूनच, बहुधा आर्द्रा लागल्यावर, लागवड करावी. पिशवी ब्लेडने उभी चिरावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये, आणि तळाशी मुळांचे वेटोळे दिसल्यास तेवढा भाग धारदार सुरीने कापून टाकावा. रोप पिशवीत जितके मातीत होते तितकेच जमिनीत राहील असे लावावे. आधाराला तुराट्या किंवा पऱ्हाट्या चालतात, बांधायला सुतळी, आणि गाठ सैल. भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे. शेळीने एकदा शेंडा खाल्ला की झाड वर्षभर मागे पडते.

पहिले दोन उन्हाळे

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या प्रदेशाने ते पाहिले तिथे झाडाला रोज नळीने पाणी घाला असे सांगण्यात अर्थ नाही, आणि ते झाडाच्याही हिताचे नाही. रोजच्या थोड्या पाण्याने मुळे वरच राहतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दहा ते पंधरा लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा वीस लिटर, सावकाश द्यावे. टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी मडक्याचा उपाय करावा: आठ-दहा लिटरच्या मातीच्या मडक्याला तळाशी बारीक छिद्र पाडून त्यात सुती चिंधीची वात बसवावी, बुंध्यापासून फूट-दीड फुटावर ते गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे, म्हणजे डास होत नाहीत. बोअरचे पाणी खारट असेल तर मातीवर पांढरा थर दिसू लागतो; असे पाणी न्हाणीच्या किंवा भाजी धुतलेल्या पाण्याबरोबर आलटून पालटून द्यावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी कोवळ्या रोपाला नेहमी घालू नये, त्यात क्षार जास्त असतात.

भेगांचा बंदोबस्त पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे रब्बी ज्वारी करणारे शेतकरी म्हणतात, ते अंगणातही लागू पडते. पंधरा दिवसांतून एकदा खुरप्याने आळ्यातली माती हलकी करून भेगा बुजवाव्यात आणि त्यावर सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला चार बोटे जाड पसरावा. हे आच्छादन खोडाला टेकू देऊ नये.

पुढची निगा

बहाव्याची कोवळी पाने हिरव्या अळ्या कुरतडतात. त्या पिवळसर फुलपाखरांच्या असतात, झाड त्यातून पुन्हा पालवते, आणि औषध फवारण्याचे काही कारण नाही. बहाव्याच्या खालच्या फांद्या एकदम न तोडता दर वर्षी एक-दोन अशा काढाव्यात आणि छाटणी फुलोरा संपताच उरकावी. हिवाळ्यात छाटल्यास येणारा बहरच आपण तोडतो. बियांपासून केलेल्या बहाव्याला फुले येण्यास सहा-सात वर्षे लागतात असे धरून चालावे. पारिजातकाची छाटणी फुले संपल्यावर, दिवाळीनंतर करावी. पळसाच्या छोट्या रोपाचा शेंडा पहिली काही वर्षे उन्हाळ्यात वाळून जातो आणि पावसाळ्यात मुळापासून नवा कोंब येतो, म्हणून काडी वाळलेली दिसली तरी ती उपटू नये.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी हळूहळू तोडावे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोणत्याही झाडाची पाने मलूल दिसतात, त्यावरून घाबरून बादली उचलू नये. सकाळी सहाला जाऊन पाहावे. रात्रीच्या गारव्यानंतरही पाने लोंबत असतील तर त्या दिवशी दोन बादल्या पाणी द्यावे, ताठ असतील तर परत फिरावे.